१८९७ चा कायदा आणि मालेगावचा दवाखाना

१३ मार्च २०२० ला महाराष्ट्र सरकारनं साथरोग कायदा लागू केला. बातमी वाचताना मी कायद्याच्या सालापाशी अडखळलो. १८९७. छपाईची चूक असेल असं वाटलं, म्हणून शोधून पाहिलं. चूक नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ ला, मुंबईत प्लेगनं थैमान घातलं असताना, इंग्रज सरकारनं घाईघाईत चार कलमांचा एक छोटासा कायदा केला होता. सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचे अधिकार, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि सद्भावनेनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही याची हमी. रुग्णाचा हक्क काय, त्याच्या घरच्यांचा हक्क काय, याबद्दल चारही कलमांत एक अक्षर नाही. १२३ वर्षांनी तोच कागद आमच्यावर लागू झाला होता.

त्यानंतर काही आठवड्यांत मालेगावचं नाव देशभर झालं आणि चर्चा सुरू झाली की तिथले मुसलमान डॉक्टरला घाबरतात, हॉस्पिटलला घाबरतात, तपासणीला घाबरतात. टीव्हीवर बसून ‘हे लोक असे का?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर नको होतं. मला मात्र ते हवं होतं, कारण माझी खाला मालेगावला राहायची आणि मी नाशकात अडकून पडलो होतो. खालाकडे मी नंतर येईन. आधी प्लेग.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरनं प्लेगचे रुग्ण ओळखले. बंदराला लागून धान्याची गोदामं, गोदामांत उंदीर, वर खुराड्यांत माणसं. सरकारनं सुरुवातीला टाळाटाळ केली. मग युरोपातली बंदरं हिंदुस्थानचा माल अडवतील अशी भीती निर्माण झाली आणि एकदम कडक उपाय सुरू झाले. घराघरांत झडती, आजारी माणसाला उचलून हॉस्पिटलात, घरच्यांना वेगळ्या छावणीत, सामानाची जाळपोळ, भिंतींना चुना. स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून बगला आणि जांघा तपासल्या जात. बायकांच्याही.

हॉस्पिटल म्हणजे बरं होण्याची जागा, असं तेव्हाच्या गरीब माणसाला वाटण्याचं काही कारणच नव्हतं. तिथं गेलेला परत येत नसे. प्लेगवर इलाज नव्हता आणि रुग्ण आणलाही जायचा शेवटच्या घटकेला. लोकांनी आपापला अर्थ लावला. डॉक्टर माणसं कापून त्यांच्या अंगातून ‘मोमियाई’ काढतात, अशी अफवा मुंबईभर होती. मोमियाई म्हणजे जखमा भरून आणणारं एक जुनं औषध, माणसाच्या चरबीपासून करतात असा समज असलेलं. ऑक्टोबर १८९६ मध्ये ऑर्थर रोडच्या साथीच्या हॉस्पिटलवर सुमारे हजार गिरणी कामगारांनी हल्ला केला. हे कामगार बहुसंख्य हिंदू होते. त्यांना कुणी ‘हे लोक असे का?’ असं विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. आज त्याच हॉस्पिटलचं नाव कस्तुरबा रुग्णालय आहे आणि २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोरोना रुग्ण तिथंच ठेवले होते.

पुण्यात काय झालं ते मराठी वाचकाला पाठ आहे. रँड, गोरे सोल्जर, देवघरांत बुटांसह घुसणं आणि २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधू. शाळेच्या पुस्तकात ती देशभक्तीची गोष्ट म्हणून येते आणि तिथं मी तिला हरकत घेत नाही. पण नऊ महिन्यांनी मुंबईत मदनपुऱ्यात जे झालं ते कुठल्या पुस्तकात येत नाही, आलंच तर ‘दंगल’ म्हणून येतं.

९ मार्च १८९८. मदनपुऱ्यात विणकरांची वस्ती. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘जुलाहा’ म्हटलेलं आहे. ते स्वतःला मोमीन म्हणवायचे, आता अन्सारीही म्हणवतात, आणि जुलाहा हा शब्द त्यांना आजही बोचतो. प्लेगच्या झडतीचं पथक एका घरात शिरलं. आत बारा वर्षांची मुलगी तापानं फणफणलेली. पथकाला तिला तपासायचं होतं, न्यायचं होतं. घरच्यांनी परपुरुषाच्या तपासणीला नकार दिला. गर्दी जमली, मग दगड, मग पोलिसांचा गोळीबार. दिवसभर दंगल उसळत राहिली. माणसं मेली, त्यांत दोन गोरे सोल्जरही होते.

या घटनेकडे ‘परद्याचा हट्ट’ म्हणून पाहणं सोपं आहे. माझ्या ओळखीतले सुधारक मित्र तसंच पाहतात. पण जरा विचार करा. १८९८ मध्ये मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल उभं राहून बारा वर्षं झाली होती. बाईला बाई डॉक्टरनं तपासावं ही मागणी त्या काळी मुंबईच्या प्रतिष्ठित पारशी आणि हिंदू कुटुंबांचीही होती, सरकारला ती समजलेली होती आणि त्यासाठी देणग्याही जमल्या होत्या. मदनपुऱ्यातल्या विणकराची मागणी याहून वेगळी नव्हती. वेगळी होती ती त्याची ऐपत.

दंगलीनंतर सरकारनं सूर बदलला. सक्तीच्या झडत्या हळूहळू सैल झाल्या, रुग्णाला हलवण्यात घरच्यांच्या इच्छेचा विचार होऊ लागला. जमातींना स्वतःची प्लेग हॉस्पिटलं चालवायला परवानगी मिळाली होतीच, त्यांना आणखी बळ मिळालं. पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचं हॉस्पिटल उघडलं होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ दवाखाना चालवला. तिथंच एका आजारी मुलाला पाठीवर आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपल्या नाशिक जिल्ह्यातही साथ यायची राहिली नाही. भगूरचे दामोदरपंत सावरकर १८९९ मध्ये प्लेगनंच वारले.

आणि आगाखान. तिसरे आगाखान, सुलतान मुहम्मद शाह. तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा तरुण. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञानं मुंबईत प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ ला स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली, पण लोक जवळ यायला तयार नव्हते. सरकारी डॉक्टरांमध्येही कुरबुरी होत्या. आगाखानांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिनला प्रयोगशाळेसाठी दिला आणि आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, लोकांची भीती जाईपर्यंत. हजारो खोजांनी त्यांच्यामागे लस घेतली. फतवा नाही, भाषण नाही, बाही वर करून दंड पुढे केला. आज परळला हाफकिन संस्था आहे, तिच्या पायात हाही एक दगड आहे. मुसलमान आणि लस हा विषय निघाला की मी ही गोष्ट सांगतो. समोरचा दोन मिनिटं गप्प बसतो, मग म्हणतो, ‘ते खोजे वेगळे.’ असो.

हॉस्पिटल ही गोष्ट मुसलमानांना बाहेरून आलेली वाटावी, हा इतिहासाचा मोठा विनोद आहे. दमास्कसमध्ये नूरुद्दीन जंगीनं ११५४ मध्ये बीमारिस्तान बांधलं, कैरोत सुलतान कलावूननं १२८४ मध्ये. तिथं खाटा होत्या, बायकांचा आणि पुरुषांचा वेगळा भाग होता, वेड लागलेल्यांसाठी वेगळी व्यवस्था होती, आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालायचा, म्हणजे रुग्णाला पैसे पडायचे नाहीत. फार लांब कशाला, आपल्या दख्खनमध्ये पाहू. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद दुसरा यानं पंधराव्या शतकात बिदरला मोठं शिफाखाना बांधलं आणि त्याच्या खर्चासाठी गावं लावून दिली. तिथं मुसलमान हकीम होते आणि हिंदू वैद्यही होते. हे आपल्याला सांगतो फरिश्ता. त्याचा इतिहासग्रंथ सगळे उद्धृत करतात, पण हा माणूस औषधशास्त्रावरही लिहायचा आणि आयुर्वेदाचं ज्ञान फारसी वाचकांपुढे ठेवणारं त्याचं एक पुस्तक आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. अहमदनगरच्या निजामशाहीत उमेदवारी करून तो विजापूरला गेला होता, म्हणजे आपल्याच मुलखातला. हैदराबादचं दारुश्शिफा १५९५ चं आहे, आता त्या नावाचा अख्खा मोहल्ला आहे.

या सगळ्याची खूण आपल्या मराठीतच शिल्लक आहे. दवाखाना, इलाज, जखम, हकीम, तब्येत हे शब्द अरबी-फारसीतून आले. ‘मलम’ म्हणजे मूळचं ‘मरहम’. ‘जुलाब’ हा मूळचा गुलाब, गुलाबपाण्याचा काढा! नाशिकच्या पंचवटीतल्या आजीबाईही ‘तब्येत कशी आहे’ असंच विचारतात. आजारपणातली निम्मी मराठी आपल्या हकिमांनी दिलेली आहे आणि त्याच हकिमांच्या वारसांना डॉक्टरची भीती वाटते असं आता ऐकवलं जातं.

पण इथं मला स्वतःला एक टोचणी लागते. बीमारिस्तानांच्या गोष्टी सांगून आपण मिरवतो फार. मुशायऱ्यात, सीरतच्या जलशात, व्हॉट्सॲपवर. ‘हॉस्पिटल आम्ही शोधलं.’ त्या हॉस्पिटलांमागे वक्फ होता, वक्फच्या जमिनींचा हिशेब होता, तो ठेवणारी माणसं होती. महाराष्ट्रातल्या वक्फच्या किती जमिनींचं भाडं आज एखाद्या दवाखान्याला जातं, हा प्रश्न त्या जलशात कुणी विचारत नाही. विचारला तर पुढच्या वर्षी बोलावत नाहीत, हा माझा अनुभव.

आता मालेगाव.

मोसम आणि गिरणा नद्यांच्या काठचं हे गाव. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी अठराव्या शतकात इथं किल्ला बांधला. गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर. १८५७ च्या बंडानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेतून विणकर याच रस्त्यानं खाली आले. काही मालेगावला थांबले, काही भिवंडीला, काही थेट मुंबईत मदनपुऱ्याला. म्हणजे १८९८ च्या त्या बारा वर्षांच्या मुलीचे आणि मालेगावच्या मोमीनांचे नातेसंबंध एकाच बिरादरीतले. लग्नं होत, मय्यतीला जाणं-येणं होई, बातम्या पोचत. मदनपुऱ्यात काय झालं हे मालेगावच्या हातमागवाल्यांना कळायला वर्तमानपत्राची गरज नव्हती.

हातमाग गेले, यंत्रमाग आले. गाव वाढत गेलं. २००१ मध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचार लाखांच्या वर, त्यात सुमारे ७९ टक्के मुसलमान. एवढ्या गावाला दवाखाने कोणते? महापालिकेचे वाडिया आणि अली अकबर. बाकी खासगी. आणि गल्लीगल्लीत युनानी डॉक्टर. मन्सुराला जामिया मुहम्मदियाचं युनानी कॉलेज आहे, ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. तिथून निघालेले बीयूएमएस डॉक्टर हेच मालेगावच्या गरिबाचे खरे डॉक्टर. रात्री अकराला मागावरून सुटलेला कामगार त्यांच्याकडे जातो, पन्नास रुपयांत औषध घेऊन येतो, उधारीही चालते. मागाच्या खोलीत कापसाची धूळ, आवाज, बारा-बारा तासांची पाळी. खोकला हा तिथं आजार नाहीच, सवय आहे. खोकल्यात क्षय कधी मिसळला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मोठं ऑपरेशन, हृदयाचा झटका, अवघड बाळंतपण म्हटलं की धुळे गाठा, ते पन्नास-एक किलोमीटर, नाहीतर नाशिक, ते शंभराच्या वर.

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार आणि शब-ए-बरात. हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या आवारात जुम्याची नमाज संपता संपता स्फोट झाले, एक मुशावरत चौकात. तीसहून अधिक माणसं गेली, त्यात मुलं होती, कब्रस्तानात भीक मागायला बसलेले होते. जखमी शेकड्यांत. जखमींना हातगाड्यांवर, रिक्षांत, मोटारसायकलींवर घालून लोक धावले आणि तेव्हा कळलं की धावायला जागाच नाही. वाडिया हॉस्पिटल भरलं, खासगी हॉस्पिटलांचे व्हरांडे भरले. गंभीर जखमींना धुळे, नाशिक करत हलवावं लागलं. रक्त द्यायला लोकांच्या रांगा होत्या. त्या रांगांत हिंदू पोरंही होती, हे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आलं होतं, ते नंतर सगळे विसरले.

त्या स्फोटाच्या तपासाचं काय झालं ते वाचकांना ठाऊक आहे. मालेगावचेच मुसलमान पकडले गेले, त्यांत युनानी डॉक्टरही होते. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. मधली दहा वर्षं कुणी परत दिली नाहीत. मला इथं एवढंच नोंदवायचंय की ज्या गावात डॉक्टर हा गरिबाच्या सगळ्यात जवळचा शिकलेला माणूस असतो, त्या गावातून डॉक्टरच बेड्या घालून नेले गेले. पुढं सरकारी यंत्रणेबद्दलचा विश्वास मोजायला निघणाऱ्यांनी हेही मोजावं.

स्फोटानंतर सरकारनं मोठ्या रुग्णालयाची घोषणा केली. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २००६ मध्ये, न्या. राजिंदर सच्चर यांच्या समितीनं पंतप्रधानांना अहवाल दिला. त्यात मुसलमानांची मोठी वस्ती असलेल्या गावांत दवाखान्यांची कशी वानवा आहे हे आकड्यांनिशी आलं. (त्याच अहवालात एक गंमतीची गोष्टही आहे. गरिबी असूनही मुसलमानांतला बालमृत्यूचा दर सरासरीपेक्षा कमी आहे. याची कारणं काय यावर अभ्यासक अजून भांडतात. आमच्या आया-मावश्यांना कुणी विचारलं नाही.) मालेगावचं दोनशे खाटांचं सामान्य रुग्णालय पुढं काही वर्षांनी उभं राहिलं. तीसहून अधिक जनाजे उठल्यानंतर. इमारत झाली म्हणजे हॉस्पिटल झालं असं नसतं. तज्ज्ञ डॉक्टरांच्या जागा भरल्या पाहिजेत, मशीन चालवणारा माणूस पाहिजे, रात्री भूल देणारा पाहिजे. जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाबद्दल हीच तक्रार ऐकू येते, सुरगाण्यातही आणि पेठमध्येही. आदिवासी तालुक्यातली बाळंतीण आणि मालेगावचा मागवाला एकाच रस्त्यानं नाशिकच्या सिव्हिलला येतात. ही दोघं कधी एकमेकांना भेटत नाहीत, एवढीच राजकारण्यांची सोय.

आणि आता एप्रिल २०२०.

८ एप्रिलला मालेगावात पहिले पाच रुग्ण सापडले. महिन्याभरात आकडा शेकड्यांत गेला. बंदोबस्ताला आलेले पोलीस आणि राज्य राखीव दलाचे जवान मोठ्या संख्येनं बाधित झाले, खुद्द महापालिका आयुक्तांनाही लागण झाली. त्याआधीच, मार्चअखेर, दिल्लीच्या तबलिगी मरकजवरून देशभर मुसलमानांच्या नावानं शिमगा सुरू झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २१ ऑगस्ट २०२० ला परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं म्हटलं. पण ते ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये मोहल्ल्यात सर्वेक्षणाला आलेली आशाताई दारात उभी राहून ‘घरात किती माणसं, कुणाला ताप, कुणी बाहेरगावाहून आलंय का’ असं विचारू लागली, तेव्हा घरच्यांना ती तब्येतीची चौकशी वाटली नाही. एनआरसीच्या मोर्च्यांना जेमतेम तीन महिने झाले होते. कागदावर नाव लिहून घेणाऱ्या प्रत्येकाची धास्ती होती.

हे सांगतोय म्हणजे मी मोहल्ल्याला निर्दोष ठरवतोय असं नाही. त्या आशाताईला जिथं दारातून हाकललं गेलं, तिथं अन्याय तिच्यावर झाला. तुटपुंज्या मानधनावर ती जीव धोक्यात घालून आली होती. इंजेक्शन देऊन मारतात, पॉझिटिव्ह दाखवायचे पैसे मिळतात, असल्या अफवा आमच्याच माणसांनी आमच्याच मोबाइलवरून पसरवल्या. मोमियाईच्या अफवेहून त्या फार वेगळ्या नव्हत्या. १८९६ च्या कामगाराकडे मात्र वाचायला काही नव्हतं, आमच्याकडे होतं. आणि ताप लपवून जे घरी बसले, त्यांची किंमत पुष्कळदा घरातल्या म्हाताऱ्यांनी मोजली.

पण मालेगावात त्या दिवसांत जे मेले ते सगळे कोरोनानं मेले नाहीत. हा मुद्दा तेव्हा फार थोड्यांनी मांडला. लागण पसरताच गावातले बहुतेक खासगी दवाखाने बंद झाले. कुणी भीतीनं, कुणी लागण झाल्यानं, कुणी साधनं नाहीत म्हणून. सरकारी खाटा कोरोनाला राखीव. मग साखरेच्या रुग्णानं, डायलिसिसवाल्यानं, दम्याच्या म्हातारीनं जायचं कुठं?

माझ्या खालाला साखर होती, बीपी होतं. साठीच्या पुढची. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिला रात्री धाप लागली. मावसभावानं तिला रिक्षात घातलं. पहिल्या हॉस्पिटलचं शटर खाली होतं. दुसऱ्यानं दारातूनच सांगितलं की आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा. तिसरीकडे रिपोर्टशिवाय घेतलं असतं पण ऑक्सिजनची खाट नव्हती. भावानं मला फोन केला, ‘भाईजान, नाशिकला आणू का?’ मी इकडे दोन-तीन ठिकाणी फोन लावले. मालेगाव हा शब्द ऐकल्यावर समोरचा आवाज बदलायचा, हे मी स्वतः ऐकलं. पास काढा, रिपोर्ट आणा, उद्या बघू. पहाटे सहरीच्या वेळेला ती गेली. रमजान सुरू व्हायला चार-पाच दिवस होते, पण ती शाबानचे रोजेही ठेवायची म्हणून घर उठलेलं होतं. जनाज्याला सात माणसं. मी त्यात नव्हतो.

कोणत्या हॉस्पिटलानं दार लावलं, कुणी फोनवर काय म्हटलं, ही नावं मी लिहिणार नाही. त्या डॉक्टरांपैकी एकजण पुढं स्वतः कोरोनानं आठवडाभर व्हेंटिलेटरवर होता. राग आहे, पण त्याला एका माणसाचा पत्ता नाही.

मे महिन्यापासून गोष्टी बदलल्या. नवे अधिकारी आले, त्यांनी मौलानांना, युनानी डॉक्टरांना, मोहल्ल्यातल्या कार्यकर्त्यांना सोबत घेतलं. खासगी दवाखाने पुन्हा उघडले. मशिदींतून भोंग्यावर तपासणी करून घ्यायचं आवाहन होऊ लागलं. तरावीह घरी, ईदही घरी. जूनपर्यंत आकडे उतरले आणि जे वृत्तनिवेदक मालेगावला बॉम्ब म्हणत होते ते ‘मालेगाव पॅटर्न’ म्हणू लागले. मन्सुराच्या युनानी काढ्याची पाकिटं गावोगावी गेली, नाशकात आमच्या शेजारच्या कुलकर्णी आडनावाच्या घरीही. मीही प्यायलो. त्यानं कोरोना बरा होतो असं सिद्ध करणारी चाचणी माझ्या पाहण्यात नाही, कडू मात्र फार होता. नंतर आरोग्य विज्ञान विद्यापीठानंही मालेगावात साथ का ओसरली याचा अभ्यास हाती घेतला. मला विचाराल तर काढ्यापेक्षा मोठं औषध हे होतं की दवाखान्यांची शटरं वर गेली आणि दारात ओळखीचा माणूस उभा राहिला. मुंबई सरकारनं १८९८ च्या दंगलीनंतर जे शिकलं, तेच आपण १२२ वर्षांनी पुन्हा महिनाभराची किंमत मोजून शिकलो.

वर्षभरानं पाळी नाशिकची आली. २१ एप्रिल २०२१, रामनवमी, आणि रमजानचा पहिला अशरा. जुन्या नाशकात महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आहे, मुसलमान वस्तीच्या मधोमध, एका शिक्षणतज्ज्ञ राष्ट्रपतीच्या नावाचं. तिथल्या ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पांढरा धूर आवारात पसरला, सुमारे अर्धा तास वॉर्डातला दाब खाली गेला, आणि व्हेंटिलेटरवरची, ऑक्सिजनवरची बावीस माणसं त्या दिवशी गेली. संध्याकाळी याद्या आल्या. त्यांत सगळ्या धर्मांची, सगळ्या जातींची नावं होती. मुसलमान मोहल्ल्यातल्या, मुसलमानाचं नाव असलेल्या सरकारी हॉस्पिटलात सगळ्या शहराची माणसं खाटांवर होती, कारण शहरात दुसरीकडे खाट नव्हती. नातेवाईक आवारात रडत होते तेव्हा आजूबाजूच्या गल्ल्यांतून पाणी आलं. रोजेदार पोरांनी आणलेलं.

तेव्हापासून आमच्या बैठकांत एक विषय वारंवार निघतो. ‘आपलं’ हॉस्पिटल काढू. जकातीच्या पैशातून, वक्फच्या जागेवर. मुंबईत खोजांचं प्रिन्स अली खान, बोहऱ्यांचं सैफी अशी उदाहरणं दिली जातात. माझा विरोध नाही. वक्फच्या जागेवर डायलिसिसची चार मशीनं लागली तर मी पहिली वर्गणी देईन. पण ‘आपलं’ हॉस्पिटल झालं की सरकारी हॉस्पिटल ‘त्यांचं’ होतं, हा हिशेब मला पटत नाही. मालेगावचं दोनशे खाटांचं रुग्णालय मागवाल्याच्या करातून उभं आहे. बैठकीत मी हे बोलतो तेव्हा एक बुजुर्ग हमखास म्हणतात, ‘बेटा, तुमच्या करातून पोलीस ठाणंही उभं आहे.’ यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

मागच्या शाबानमध्ये मालेगावला गेलो होतो. बडा कब्रस्तानात दफनाची नोंदवही असते. २०२० च्या एप्रिलमध्ये पत्रकार याच वह्या चाळत होते, कारण सरकारी यादीतले मृत्यू आणि इथल्या कबरी जुळत नव्हत्या. मावसभावानं ते पान काढून दाखवलं. एरवी एका पानावर बरेच दिवस मावायचे, तेव्हा दोन-तीन दिवसांत पान भरत होतं. खालाचं नाव, वय, मोहल्ला, आणि शेवटच्या रकान्यात कारण. तिथं लिहिलं होतं, ‘शुगर’. वरच्या नावापुढं ‘हार्ट’. त्याच्या वर ‘बुखार’. त्याच्या वर पुन्हा ‘शुगर’.

फातिहा पढून बाहेर आलो. भावाला त्याच्या मुलीला दाखवायला सामान्य रुग्णालयात जायचं होतं, म्हणून सोबत गेलो. सकाळचे साडेनऊ. केसपेपरची रांग फाटकापर्यंत आली होती, बायकांची वेगळी. ओपीडीत डॉक्टर यायच्या होत्या. एका बुरख्यातल्या म्हातारीनं पुढच्या नऊवारीतल्या बाईला विचारलं, ‘बाई डॉक्टर आहे ना आज?’ ती म्हणाली, ‘हाय म्हणत्यात. बसा.’ दोघी पायरीवर बसल्या.